मोटारीतील शीघ्र चार्जर : त्याचे कार्य व निवड

दूरच्या प्रवासास मोटारीने निघावयाचे ठरले, की पूर्वी चाकांतील हवा, टाकीतील इंधन आणि इंजिनातील पाणी या तीन गोष्टी पाहून घेत. हल्ली त्यांत चौथीची भर पडली आहे. ती म्हणजे फोनच्या बॅटरीतील शिल्लक. वाट दाखविणारा नकाशा फोनमध्ये असतो. मुक्कामाच्या ठिकाणाशी बोलणे फोनवरून होते. वाटेत अपघात झाला तर मदतीसाठी ११२ हा क्रमांकही फोनवरूनच लावावा लागतो. मागील आसनावरील मुलांच्या हाती टॅबलेट असतो, तो निराळाच. अशा वेळी एक चमत्कारिक अनुभव अनेकांना येतो. फोन चार्जरला जोडलेला असूनही त्यातील शिल्लक वाढण्याऐवजी हळूहळू घटत जाते, आणि अनोळखी रस्त्यावर, नेमक्या रात्रीच्या वेळी, फोन मालवतो. चार्जर बिघडलेला नसतो, फोनही नादुरुस्त नसतो. मग हे घडते कसे?

दुकानातील वेष्टनांवर या प्रश्नाचे उत्तर सापडत नाही. तेथे वॉटचा एखादा मोठा आकडा आणि ‘शीघ्र’, ‘अतिशीघ्र’ अशी विशेषणे छापलेली असतात. परंतु वेग हा एकट्या चार्जरचा गुण नव्हे. पाटाच्या तोंडाशी पाणी कितीही असो, शेतात पोहोचते ते पाटाच्या सर्वांत अरुंद जागेतून जाऊ शकेल तेवढेच. येथेही मोटार, चार्जर, केबल आणि फोन अशा चार ठिकाणांतून ऊर्जा वाहते. त्यांतील सर्वांत अरुंद जागा कोणती, हे ज्याला ओळखता आले त्याला योग्य चार्जर निवडता आला असे समजावे. या पुस्तिकेत आपण ही चारही ठिकाणे क्रमाने पाहू.

तीन राशींची ओळख

प्रथम तीन शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेतले पाहिजेत. नळातून येणाऱ्या पाण्याला टाकीच्या उंचीमुळे दाब मिळतो. तद्वत् विजेला पुढे ढकलणारा जो दाब, त्यास विद्युद्दाब म्हणतात. तो व्होल्टमध्ये मोजतात. तारेतून दर सेकंदास किती वीज वाहते ते सांगणारी राशी म्हणजे विद्युत्प्रवाह. तो अँपिअरमध्ये मोजतात. या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती, आणि तिचे एकक वॉट. ५ व्होल्ट दाबाने २ अँपिअर प्रवाह वाहत असेल तर शक्ती १० वॉट होते. ९ व्होल्ट दाबाने तोच २ अँपिअर प्रवाह वाहिला तर ती १८ वॉट होते.

बॅटरीत साठविलेल्या ऊर्जेचे माप वॉट-तासात देतात. फोनवर ‘५००० मिलिअँपिअर-तास’ असे लिहिलेले असते. त्याला बॅटरीच्या सरासरी दाबाने, म्हणजे सुमारे ३.८५ व्होल्टने, गुणिले की ऊर्जा सुमारे १९ वॉट-तास येते. ८००० मिलिअँपिअर-तासांच्या टॅबलेटमध्ये याच रीतीने सुमारे ३१ वॉट-तास ऊर्जा मावते. यावरून कोणालाही साधा हिशेब मांडता येईल. ५ वॉट देणाऱ्या जुन्या चार्जरने असा फोन पूर्ण भरण्यास चार तासांहून अधिक वेळ लागणार, टॅबलेटला सहा तासही पुरणार नाहीत. शिवाय नकाशा दाखविणारा फोन स्वस्थ बसलेला नसतो. त्याचा पडदा उन्हात दिसावा म्हणून पूर्ण तेजाने उजळलेला असतो, तो उपग्रहांचे संकेत टिपीत असतो आणि वाटेतील निरनिराळ्या मनोऱ्यांशी संपर्क राखीत असतो. या कामी काही वॉट शक्ती सतत खर्च होते. आवक अडीच वॉट आणि जावक तीन वॉट असेल, तर जोडलेला फोनही रिकामा होणार हे उघड आहे.

मोटार काय देऊ शकते?

मोटारीच्या डॅशबोर्डवर जी गोल खाच असते, ती मुळात वीजपुरवठ्यासाठी निर्माण झालेली नाही. ती सिगारेट पेटविण्याच्या साधनासाठी होती. तेथील लहानशी गुंडाळी सुमारे १०० वॉट शक्ती घेऊन काही सेकंदांत लाल होई, आणि तापताच वाकणाऱ्या धातूच्या पट्टीमुळे ते साधन आपोआप बाहेर सरके. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक मोटारींतील विद्युद्दाब ६ व्होल्टचा होता. १९५० नंतरच्या दशकात १२ व्होल्टचा दाब रूढ झाला व तोच अद्याप चालू आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींतही, चाके फिरविणारी मोठी बॅटरी निराळी असली तरी, दिवे, भोंगा आणि ही खाच यांना सामान्यतः १२ व्होल्टच्या व्यवस्थेतूनच वीज मिळते.

हे १२ व्होल्ट मात्र स्थिर नसतात. इंजिन चालू असताना गाडीतील जनित्र बॅटरी भरीत असते, त्यामुळे दाब १३.५ ते १४.५ व्होल्टच्या आसपास असतो. इंजिन सुरू करण्याच्या क्षणी आरंभक-मोटर प्रचंड प्रवाह ओढते आणि दाब काही क्षण १० व्होल्टच्याही खाली येऊ शकतो. उलट एखादा मोठा भार अकस्मात सुटला तर क्षणभर दाब पुष्कळ वर उसळतो. घरातील चार्जरला असे धक्के सहसा सोसावे लागत नाहीत. मोटारीतील चार्जरला ते नित्य सोसावे लागतात. म्हणून चार्जरवर ‘१२ ते २४ व्होल्ट’ असे लिहिलेले असणे हिताचे आहे. अवजड मालमोटारी व मोठ्या बसगाड्या यांत २४ व्होल्टची व्यवस्था असते. केवळ १२ व्होल्टसाठी बनविलेला चार्जर तेथे लावणे धोक्याचे होय.

या खाचेच्या मार्गात एक फ्यूज असतो. त्याची मर्यादा बहुधा १० ते २० अँपिअर असते. नेमका आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत दिलेला असतो. समजा फ्यूज १० अँपिअरचा आहे, आणि आपण एकाच चार्जरमधून फोनला २५ व टॅबलेटला ३० वॉट देत आहोत. एकूण ५५ वॉट बाहेर पडण्यासाठी, चार्जरमधील व्यय धरून, गाडीतून सुमारे ६१ वॉट घ्यावे लागतील. १३.८ व्होल्ट दाबाला हा प्रवाह साडेचार अँपिअरच्या आत राहतो. चिंतेचे कारण नाही. परंतु एका मार्गाने १०० आणि दुसऱ्या मार्गाने ३० वॉट देणारा चार्जर पूर्ण भाराने चालविला, तर प्रवाह साडेदहा अँपिअरच्या घरात जातो आणि फ्यूज वितळण्याचा संभव उत्पन्न होतो. फ्यूज वितळला तर त्याच्या जागी अधिक मर्यादेचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा बसविण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. फ्यूज ही अडचण नसून गाडीतील तारांचा पहारेकरी आहे. तो हटविला तर पुढील वेळी तारा तापतील, आणि त्या तापलेल्या कोणाला दिसणारही नाहीत.

खाचेत चार्जर सैल बसत असेल तर तोही दोष गंभीर समजावा. स्पर्श अपुरा झाला की त्या जागी रोध वाढतो. केवळ एक दशांश ओहम रोधातून ५ अँपिअर प्रवाह वाहिला तरी अडीच वॉट उष्णता तेवढ्याच जागेत निर्माण होते, आणि कालांतराने प्लॅस्टिक मऊ पडू लागते. खड्ड्यांच्या रस्त्यावर सैल चार्जरचा संपर्क वरचेवर तुटून भरणी पुनःपुन्हा आरंभापासून सुरू होते, हा आणखी एक तोटा.

अनेक गाड्यांत आता यूएसबी जोडणीही दिलेली असते. तथापि जुन्या गाड्यांतील ही जोडणी मुख्यतः गाणी ऐकविण्यासाठी, म्हणजे माहितीच्या देवघेवीसाठी योजिलेली होती. १९९६ मध्ये अवतरलेल्या यूएसबी पद्धतीच्या २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीत अशा जोडणीतून ५ व्होल्ट दाबाने अर्धा अँपिअर, म्हणजे अवघे अडीच वॉट मिळण्याची तरतूद होती. आरंभी वर्णिलेल्या कोड्याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

चार्जरच्या आत काय घडते?

सुमारे १४ व्होल्टचे ५ व्होल्ट करावयाचे, तर एक भोळा उपाय असा की, जादा दाब एखाद्या घटकात जिरवून टाकावा. परंतु त्याचा हिशेब पाहा. १३.८ व्होल्टमधून ५ व्होल्ट उपयोगात आणले तर ८.८ व्होल्ट वाया जातात. प्रवाह २ अँपिअर असेल तर फोनला मिळतात १० वॉट, आणि चार्जरमध्ये साडेसतरा वॉटांहून अधिक उष्णता होते. अंगठ्याएवढ्या वस्तूत ती मावणे शक्य नाही.

म्हणून आधुनिक चार्जरमध्ये निराळी युक्ती असते. एक इलेक्ट्रॉनिक स्विच दर सेकंदास काही लाख वेळा उघडतो व मिटतो. मिटलेला असताना ऊर्जा तारेच्या एका वेटोळ्यात साठते, उघडला की ती पुढे सोडली जाते. तो किती काळ मिटलेला ठेवावयाचा, यावर बाहेरचा दाब ठरतो. या रीतीने चांगल्या चार्जरची दक्षता नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. ३० वॉट देणारा चार्जर नव्वद टक्के दक्ष असेल तर त्यात सुमारे साडेतीन वॉट उष्णता होईल. ऐंशी टक्केच दक्ष असेल तर साडेसात वॉट. दोघांच्या वेष्टनांवर आकडा एकच असतो, पण दुसरा अर्ध्या तासात हाताला चटका देईल. तापलेला चार्जर स्वतःच्या रक्षणासाठी पुरवठा कमी करतो, आणि निकृष्ट असेल तर तेवढेही करीत नाही.

काही टॅबलेटांना ९ व्होल्टहून अधिक, १५ किंवा २० व्होल्ट दाब लागतो. १४ व्होल्टमधून २० व्होल्ट मिळवावयाचे, तर दाब उतरविणारी नव्हे, चढविणारी रचना हवी. ज्या चार्जरमध्ये ती नसते, तो २० व्होल्ट देऊच शकत नाही.

अशा वेगाने उघडमीट करणाऱ्या स्विचमुळे रेडिओ-लहरीही उत्पन्न होतात. चांगल्या चार्जरमध्ये त्या अडविण्याची योजना असते. याची परीक्षा घरच्या घरी घेता येते. मोटारीतील रेडिओवर आकाशवाणीचे एखादे दूरचे, क्षीण ऐकू येणारे केंद्र लावावे आणि मग चार्जर खाचेत बसवून त्याला फोन जोडावा. खरखर एकदम वाढली तर त्या चार्जरच्या निर्मात्याने काटकसर कोठे केली आहे, ते कळून चुकते.

चार्जर आणि फोन यांची बोलणी

चार्जरची शक्ती अधिक असली म्हणजे तो फोनमध्ये वीज ‘कोंबतो’, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. किती घ्यावयाचे, हे फोन ठरवितो. किती देणे शक्य आहे, एवढेच चार्जर सांगतो. ६० वॉटच्या चार्जरला २० वॉट घेणारा फोन जोडला तर फोन २० वॉटच घेईल. त्यामुळे मोठा चार्जर घातक ठरत नाही. तसाच तो फोनला अधिक शीघ्रही करीत नाही.

ही बोलणी चालण्यासाठी दोघांची भाषा एक असावी लागते. आरंभीच्या काळात प्रत्येक निर्मात्याची खूण वेगळी होती. पूर्वीचे आयपॅड विशिष्ट खूण ओळखली तरच ५ व्होल्टला २.१ किंवा २.४ अँपिअर घेत. ती खूण न देणाऱ्या चार्जरवर ते अगदी मंद गतीने भरत. पुढे क्वालकॉम या कंपनीची ‘क्विक चार्ज’ पद्धती आली. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत ५ व्होल्टऐवजी ९ किंवा १२ व्होल्ट मागण्याची सोय होती. काही चिनी निर्मात्यांनी उलट मार्ग धरला. ओप्पो कंपनीच्या ‘वूक’ पद्धतीने दाब ५ व्होल्टच ठेवून प्रवाह ४ अँपिअरपर्यंत वाढविला. त्यासाठी खास केबल आणि खास चार्जर लागे.

या गोंधळातून वाट काढणारी सार्वत्रिक पद्धती म्हणजे ‘यूएसबी पॉवर डिलिव्हरी’; संक्षेपाने तिला ‘पीडी’ म्हणतात. तिची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये निघाली. २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी सारखेच बसणारे ‘टाइप-सी’ टोक आले, आणि या दोहोंची जोडी जमली. केबल जोडताच चार्जर प्रथम ५ व्होल्टच देतो. मग केबलमधील एका बारीक तारेवरून तो आपली यादी सांगतो : माझ्याकडे ५ व्होल्टला ३ अँपिअर आहेत, ९ व्होल्टला ३ आहेत, १५ व्होल्टला २ आहेत. फोन त्यांतील सोयीची नोंद निवडून मागणी करतो. चार्जर ती मान्य करतो आणि मगच दाब वाढवितो. हे सर्व क्षणार्धात घडते. यादीत फोनला हवी ती नोंद नसेल, किंवा फोनला ही भाषाच येत नसेल, तर दोघे ५ व्होल्टवर समाधान मानतात. ‘शीघ्र’ चार्जर मंद का वाटतो, याचे हे दुसरे कारण.

२०१७ मध्ये या पद्धतीत ‘पीपीएस’ नावाची सुधारणा झाली. तिच्या योगे फोन ठरावीक पायऱ्यांऐवजी एका व्होल्टच्या पन्नासाव्या भागाइतक्या बारीक फरकाने हवा तो दाब मागू शकतो. दाब बॅटरीच्या गरजेशी जुळला, की तो उतरविण्याचे काम फोनला कमी करावे लागते आणि फोन कमी तापतो. सॅमसंगच्या अनेक फोनांना २५ वॉटचा वेग पीपीएस असलेल्या चार्जरवरच मिळतो. आयफोनला त्याची आवश्यकता नाही, त्याला ९ व्होल्टची पीडी पुरते. म्हणून चार्जरच्या आधी आपल्या फोनची माहिती वाचावी.

टाइप-सी टोक आता जवळजवळ सर्वत्र झाले आहे. आयफोननेही २०२३ मध्ये ते स्वीकारले, आणि युरोपीय संघात २८ डिसेंबर २०२४ पासून विक्रीस येणाऱ्या नव्या फोन व टॅबलेटांना ते बंधनकारक झाले. तथापि टोक एक झाले म्हणून भाषा एक झाली असे समजू नये. टाइप-सी टोकामागे १५ वॉटचा साधा पुरवठाही असू शकतो आणि १०० वॉटची पीडीही. दारे सारखी दिसली तरी आतील घरे निराळी असतात.

केबल : दुर्लक्षित परंतु निर्णायक

विद्युत्प्रवाह जितका मोठा, तितकी तारेतील हानी मोठी. आणि ही हानी प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. विद्युत्‌केंद्रांतून दूरच्या शहरांकडे वीज नेताना तिचा दाब आपल्या देशात ४०० किंवा ७६५ किलोव्होल्टपर्यंत चढवितात, तो याचसाठी. दाब वाढविला की तीच शक्ती थोड्या प्रवाहाने नेता येते. फोनच्या केबलमध्ये हेच तत्त्व लहान प्रमाणावर दिसते. १८ वॉट शक्ती ५ व्होल्टने न्यावयाची तर ३.६ अँपिअर लागतात, ९ व्होल्टने न्यावयाची तर २ अँपिअर पुरतात; आणि केबलमधील उष्णता पहिल्या रीतीत दुसरीच्या तिपटीहून अधिक होते. शीघ्र चार्जरांनी ५ व्होल्टची मर्यादा का ओलांडली, याचे मर्म येथे आहे.

तारेची जाडीही तितकीच महत्त्वाची. केबलमधील तांब्याच्या तारेचा व्यास सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर असेल, तर एक मीटर केबलमध्ये, जाण्याची व येण्याची तार मिळून, सुमारे ०.४३ ओहम रोध होतो. २ अँपिअर प्रवाहाला त्यात सुमारे ०.८५ व्होल्ट गळतात. ५ व्होल्टपैकी एवढे गळाल्यावर फोन सावध होतो आणि मागणी कमी करतो. व्यास दुप्पट केला की रोध चौथाई होतो. म्हणून मोटारीसाठी केबल आखूड आणि जाड घ्यावी. मागील आसनापर्यंत पोहोचणारी दोन मीटरची केबल हवीच असेल तर ती निश्चितपणे जाड असावी. टाइप-सी केबल सामान्यतः ३ अँपिअरपर्यंत, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉटपर्यंत चालते. त्याहून अधिक प्रवाहासाठी केबलच्या टोकात तिची क्षमता सांगणारी एक सूक्ष्म चकती असावी लागते. ती नसेल तर चार्जर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही.

बॅटरीचा स्वभाव आणि उन्हाचे संकट

फोन व टॅबलेट यांत लिथियम-आयन बॅटरी असते. ती प्रथम १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली; तिच्या संशोधनाबद्दल गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत लिथियमचे कण एका पट्टीतून निघून दुसऱ्या, ग्रॅफाइटच्या पट्टीतील थरांत जाऊन बसतात. कीर्तनाच्या मंडपात प्रथम येणाऱ्यांना चटकन जागा मिळते. मंडप भरत आला की नंतर येणाऱ्यांना दाटीतून वाट काढावी लागते. तसेच येथे घडते. आरंभी प्रवाह मोठा असतो. बॅटरीचा दाब वरच्या मर्यादेस पोहोचला की फोन प्रवाह क्रमाने कमी करतो. म्हणून निर्मात्यांच्या जाहिरातीत ‘अर्ध्या तासात पन्नास टक्के’ असे म्हटलेले असते; ‘एका तासात शंभर टक्के’ असा त्याचा अर्थ नव्हे. २० वॉटच्या चार्जरने १९ वॉट-तासांचा फोन गणिताने एका तासात भरावा, परंतु प्रत्यक्षात दीड तास लागू शकतो. घाईच्या वेळी ऐंशी टक्क्यांवर समाधान मानणे शहाणपणाचे असते.

या बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता हा आहे. तापलेल्या स्थितीत भरणी केल्यास तिच्यातील रासायनिक झीज वाढते आणि तिची धारणशक्ती कायमची घटते. कित्येक निर्माते फोन वापरण्यासाठी सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असावे असे सांगतात. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातील प्रयोगांत असे आढळले की, उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीतील तापमान एका तासात सरासरीने सुमारे २२ अंशांनी वाढते, आणि यापैकी ऐंशी टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच होते. काचा किंचित उघड्या ठेवल्याने विशेष फरक पडत नाही. बाहेरचे तापमान तेथे ३६ अंशांच्या आतच होते. आपल्याकडे राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमान नोंदले गेले, आणि विदर्भापासून दिल्लीपर्यंत मे महिन्यात ४५ अंशांचे दिवस नवे नाहीत. तेव्हा उभ्या गाडीतील डॅशबोर्डवर ठेवलेल्या फोनची कल्पना वाचकांनीच करावी. गाडीत बसताच प्रथम हवा खेळू द्यावी, फोन उन्हाबाहेर अथवा वातानुकूलनाच्या झरोक्यापाशी ठेवावा, आणि तो थंड झाल्यावर चार्जरला जोडावा. तापलेला फोन स्वतःच भरणी मंदावितो किंवा थांबवितो. तो चार्जरचा दोष नव्हे.

अतिशीतही अपायकारक आहे. लेहसारख्या ठिकाणी हिवाळ्यात शून्याखालील तापमानात रात्रभर गाडीत राहिलेला फोन तत्काळ शीघ्र भरू नये. थंडीत लिथियमला ग्रॅफाइटच्या थरांत शिरता येत नाही. ते पृष्ठभागावर धातुरूपाने साचू लागते आणि बॅटरी कायमची दुबळी होते. गाडी उबदार होईपर्यंत थांबावे.

केबलवाचून भरणी करणारे धारकही मोटारीसाठी मिळतात. त्यांत वेटोळ्यांतून चुंबकीय क्षेत्राद्वारे ऊर्जा जाते. सोय मोठी, पण दक्षता केबलहून कमी. आणि जी ऊर्जा वाया जाते तिची उष्णता फोनच्या पाठीशीच होते. उन्हाळ्यात केबल अधिक बरी.

निवड करताना

आतापर्यंतचे विवेचन ध्यानात घेऊन खरेदीच्या वेळी पुढील क्रम पाळावा.

पहिली गोष्ट, आपला फोन व टॅबलेट जास्तीत जास्त किती वॉट घेतात आणि कोणत्या पद्धतीने, हे त्यांच्या माहितीपत्रकातून काढावे. आकडा २५ असेल तर ६५ वॉटच्या चार्जरवर जादा पैसे खर्चून वेग मिळणार नाही.

दुसरी, चार्जरच्या पुढील भागावरील मोठा आकडा वाचू नये. पाठीवरील बारीक अक्षरे वाचावीत. तेथे प्रत्येक जोडणीसाठी व्होल्ट व अँपिअर यांच्या जोड्या दिलेल्या असतात. ‘९ व्होल्ट, २.२२ अँपिअर’ म्हणजे २० वॉट. अनेकदा ‘४८ वॉट’ हा आकडा ३० आणि १८ यांची बेरीज असतो. आणि काही चार्जरांत दोन्ही जोडण्या एकदम वापरल्या की दोन्ही ५ व्होल्टवर येतात. दोन्ही एकाच वेळी चालू असता प्रत्येकीस किती मिळेल, हा प्रश्न दुकानदारास अवश्य विचारावा. फोन व टॅबलेट दोन्ही बाळगणाऱ्या कुटुंबास, निदान एक टाइप-सी जोडणी ३० वॉटची, पीडी व पीपीएस जाणणारी, आणि दुसरी सुमारे १८ ते २० वॉटची, असा चार्जर सामान्यतः पुरेसा होतो. ज्यांच्या फोनची शीघ्र पद्धती निर्मात्याची खास आहे, त्यांनी त्याच पद्धतीचा उल्लेख असलेला चार्जर शोधावा. अन्यथा मध्यम वेग मिळेल एवढेच.

तिसरी, प्रवास किती वेळाचा आहे याचा विचार करावा. चार तास गाडी चालणार असेल तर २० वॉट भरपूर आहेत. शहरात वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या करणाऱ्यांनाच अधिक वेगाचा खरा उपयोग.

चौथी, चार्जर खाचेत घट्ट बसतो की नाही, पूर्ण भाराने अर्धा तास चालल्यावर किती तापतो, जळका वास येतो का, हे परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी पाहून घ्यावे. अतिजड प्रवाह, अतिदाब आणि अतितापमान यांपासून संरक्षण असल्याचे त्यावर नमूद असावे.

पाचवी, गाडी बंद केल्यावरही ज्यांच्या खाचेत वीज राहते, त्यांनी चार्जर काढून ठेवण्याची सवय लावावी. त्यावरील लहान दिवा व आतील मंडल मिळून समजा २० मिलिअँपिअर घेत असतील, तर महिन्याभरात साडेचौदा अँपिअर-तासांच्या जवळपास वीज जाते. लहान मोटारीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असेल, तर हे तिच्या चाळीस टक्क्यांहून अधिक झाले. सुट्टीहून परतल्यावर गाडी सुरू न होण्यास तेवढे पुरेसे आहे.

शेवटची गोष्ट चार्जरची नसून चालकाची आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, वाहन चालविताना हातात धरून फोन वापरणे हे धोकादायक चालविण्यात मोडते. वाट पाहण्यासाठी फोन वापरावयाचा तर तो घट्ट धारकात, दृष्टीच्या आड न येईल असा ठेवावा, आणि केबल गिअरच्या दांड्यात किंवा चालकाच्या पायांत येणार नाही अशी बांधावी. चार्जर व केबल निघण्यापूर्वी जोडून घ्यावीत. चालत्या गाडीत खाच चाचपडू नये.

सारांश, शीघ्र चार्जर हे काही जादूचे यंत्र नव्हे. गाडीच्या खाचेतून निघालेली ऊर्जा चार्जर, केबल आणि फोन यांतून वाहत जाते, आणि यांपैकी जो अरुंद असेल त्याच्या मापाने ती पोहोचते. मोठा आकडा विकत घेण्यापूर्वी आपल्या पाटातील अरुंद जागा कोणती ते शोधावे. पुष्कळदा ती जुनी बारीक केबल निघते, आणि थोडक्या पैशांत काम भागते. रात्रीच्या महामार्गावर मदतीसाठी फोन उचलण्याची वेळ कोणावर न येवो. पण आलीच, तर त्यात पुरेशी शिल्लक असावी, एवढ्यासाठी हा सारा हिशेब.